वरून घातलेलं पाणी

मंगळवारी नवऱ्याने मला अकोल्याहून अमरावतीला आणलं. बडनेऱ्याला आम्ही गाडी बदलली. स्टेशनवरून टांगा केला. वडिलांच्या घरासमोर टांगा थांबल्यावर त्याने माझी ट्रंक ओट्यावर ठेवली, आईला नमस्कार केला आणि त्याच टांग्याने तो स्टेशनवर परत गेला. आईने विचारलं, किती दिवसांसाठी आलीस. मी म्हणाले, माहीत नाही.

मला माहीत होतं. गाडीत तो माझ्या समोरच्या बाकावर बसला होता आणि मूर्तिजापूर येईपर्यंत त्याने खिडकीबाहेरची नजर आत वळवली नव्हती. मूर्तिजापूरला तो एवढंच म्हणाला की त्याच्या आईचा नाइलाज आहे.

तेव्हा आम्ही मध्यप्रदेशात होतो, राजधानी नागपूर होती. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. सासर अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे. नवऱ्याने नुकतीच वकिली सुरू केली होती. दुसऱ्या वर्षी माझ्या उजव्या मनगटावर बोराएवढा पांढरा डाग उठला. तो दुखत नव्हता, खाजत नव्हता. मी बांगड्या खाली ओढून तो झाकत असे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या एका बाईने माझ्या हातातला तिळगूळ घेतला नाही. हसून तिने तो स्वतःच ताटातून दोन बोटांनी उचलला. सासूबाईंनी ते पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून कोणी मला कणीक भिजवायला सांगितलं नाही. भांडण झालं नाही, कोणी आवाज चढवला नाही. कामं एकेक करून काढून घेतली गेली. आधी स्वयंपाक, मग देवाची भांडी, मग वाती, मग पाणी भरणं. वडील भिक्षुकी करत, त्यामुळे माहेरी आमच्या घरात सतत कुठलं तरी कार्य असे आणि आठव्या वर्षापासून माझे हात कामात होते. पत्रावळी लावणं, फुलं निवडणं, सुपारी-तांदळाच्या पुड्या बांधणं. हातांना काम नसलं की त्यांचं काय करायचं हे मला कळेना. मी ते पदराखाली ठेवू लागले. पुढचे कित्येक महिने मी एकाच गोष्टीची वाट पाहिली, असं आज वाटतं. कोणीतरी मला म्हणावं, हे जरा धर, हे जरा करून दे.

जुन्या शहरात एक म्हातारे हकीमसाहेब होते. नवरा मला त्यांच्याकडे घेऊन गेला. त्यांनी मनगट उजेडात धरून पाहिलं आणि नवऱ्याला समजावून सांगितलं की हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, घरात तसं सांगा. नवऱ्याने घरात तसं सांगितलं नाही. हकीमसाहेबांनी बावचीचं तेल दिलं होतं. दोन थेंब लावायचे आणि कोवळ्या उन्हात थोडा वेळ बसायचं. मला घाई होती. मी तेल चोपडून लावलं आणि भर दुपारी गच्चीवर बसले. तीन दिवसांनी दोन्ही हातांना टरटरून फोड आले, फुटले, चिघळले. नुसता डाग होता तोवर सासूबाई त्याला कोड म्हणत. फोड आल्यावर त्या महारोग म्हणू लागल्या. पुढच्या मंगळवारी आम्ही गाडीत बसलो.

वडिलांनी मला हाकलून दिलं नाही. हे लिहून ठेवलं पाहिजे, कारण मुलीला मॅट्रिकपर्यंत शिकवा म्हणून सगळ्या नातेवाइकांशी भांडलेले तेच होते. पण ज्या घरात असली मुलगी परत आली आहे, त्या घरच्या भटजींना श्राद्धाला कोण बोलावणार? दोन यजमानांनी महिन्याभरात दुसरे भटजी पाहिले. मला परसाकडची, सरपण ठेवायची खोली मिळाली. माझं ताट वेगळं, लोटा वेगळा. ताट वेळेवर येई, उंबऱ्याबाहेर. पाण्याच्या माठाला मी हात लावायचा नव्हता, म्हणून मी ओंजळ धरायची आणि आईने वरून पाणी घालायचं. माझी ओंजळ आणि आईचं भांडं यांच्यात वीतभर अंतर असे. पहिले काही दिवस पाणी घालताना आईचे डोळे भरून येत. मग तिला सवय झाली. तिचं रडणं थांबलं तेच मला जास्त लागलं.

वर्षाच्या आत अकोल्याहून कोणीतरी कार्ड टाकलं, नवऱ्याने दुसरं लग्न केल्याचं. वडिलांनी ते वाचलं, आणि रोजच्या वर्तमानपत्राबरोबर माझ्या उंबऱ्यावर ठेवून दिलं.

हातांच्या जखमा बऱ्या होईनात. पावसाळ्यात त्यांना वास येऊ लागला. एके दिवशी अंबादेवीला जाते असं सांगून आईने मला बडनेऱ्याच्या रस्त्यावरच्या मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी उघड्या बोटांनी माझं मनगट दाबून पाहिलं. हे कोड आहे, महारोग नाही, आणि जखमा भाजल्याच्या आहेत, असं त्या म्हणाल्या. आईने खालच्या आवाजात विचारलं, तेवढं कागदावर लिहून द्याल का. त्यांनी लिहून दिलं. वडिलांनी संध्याकाळी तो कागद दोनदा वाचला, नीट घडी केली आणि म्हणाले की लोकांना कागद दाखवत कोण फिरणार.

मलमपट्टीसाठी एक दिवसाआड जायचं होतं. पुढे मी एकटीच चालत जाऊ लागले. मलमपट्टीच्या खोलीत एक पन्नाशीची बाई होती. तिला सगळे मावशी म्हणत. ती रिद्धपूरकडच्या एका खेड्यातली, जन्माने महार. तिचे आईबाप दुष्काळात मिशनच्या आसऱ्याला आले आणि ख्रिस्ती झाले. नवरा, एक मुलगी, दोघंही गेले होते. तिचे हात राठ होते, पण जखमेवरचं जुनं कापड ती अशी सोडवी की कळत नसे.

दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला ऊन लागून मला भोवळ आली. मावशीने पितळी पेला भरून माझ्यापुढे धरला. मी पेला घेतला नाही. मी ओंजळ पुढे केली.

तिच्या चेहऱ्यावरचं सगळं मिटलं. मग तिने पेला उंच धरला आणि माझ्या ओंजळीत वरून पाणी घातलं. तिचा हात चांगला सरावाचा होता. एक थेंब बाहेर पडला नाही. मी पाणी प्यायले आणि घरी आले.

दोन दिवसांनी गेले तेव्हा तिने माझे हात धुतले, मलम लावलं, पट्टी बांधली. गाठ मारताना खाली बघतच ती म्हणाली, "बाई, तुमचा पू मी पुसते ते चालते तुमाले. माह्या हातचं पानी काहून नाई चालत?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी घाईघाईने सांगितलं की घरी मला असंच पाणी घालतात, माझ्या तोंडाचं भांडं कोणी घेत नाही, तुमचा पेला बाटू नये म्हणून मी ओंजळ धरली.

मावशी माझ्याकडे बघत राहिली आणि एकदम हसू लागली. हसता हसता तिला खुर्चीवर बसावं लागलं.

"म्हंजे तुमी मले वाचवून राहिल्या होत्या? आन् मी समजली का बामनीन सोताले वाचवून राहिली. माय वं."

मीही हसले. पण त्या वेळी मी तिला जे सांगितलं ते अर्धंच खरं होतं, आणि हे मी तिला पुढे कित्येक वर्षांनी सांगितलं. पितळी पेला समोर आला तेव्हा माझ्या मनात कोणाचा विटाळ कोणाला होईल हे नीट उमटलंच नव्हतं. हात आपोआप जुळले. माझ्या आधीच्या सात पिढ्यांनी तिच्या माणसांना जसं पाणी घातलं होतं, तसंच मला घरी मिळत होतं. ते मिळूनही, ते कोणाला घातलं जात असे हे मला दिसलं नव्हतं. मी टाकलेली होते आणि टाकणाऱ्यांपैकीही होते. मी सांगितलं तेव्हा मावशी म्हणाली, ते तर मला त्या दिवशीच माहीत होतं.

हसणं ओसरल्यावर तिने पेला भरून माझ्या हातात दिला. मी तो तोंडाला लावून प्यायले. उरलेलं पाणी ती प्यायली.

त्या दिवशी निघताना तिने धुतलेल्या पट्ट्यांचं टोपलं माझ्याकडे सरकवलं. "बसून काय राहता? ह्या गुंडाळून द्या मले. बोटं तर चांगली हायेत तुमची."

चौदा महिन्यांत मला कोणी सांगितलेलं ते पहिलं काम. मी सगळ्या पट्ट्या गुंडाळल्या, कडेला कड लावून. ती म्हणाली, इतक्या घट्ट नका करू, बांधताना सोडवत बसावं लागते. मला तिचं ते रागावणंसुद्धा आवडलं.

धर्माबद्दल ती मला काही बोलली नाही. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि मला वाचता येतं हे कळल्यावर तिने एक काळ्या पुठ्ठ्याचं, कडा झिजलेलं धर्मपुस्तक काढून दिलं. दुपारी बायकांच्या वॉर्डात ती खाटांच्या मध्ये स्टूल ठेवी आणि मी वाचत असे. मी ते आधी पुस्तक म्हणूनच वाचलं. मराठी जुन्या वळणाची, कुठे कुठे अवघडलेली. वडिलांनी शिकवलेल्या कानाला ती खटके. मग एका दुपारी येशूने कुष्ठ झालेल्या माणसाला बरं केल्याची गोष्ट आली. मी पुढे वाचत गेले आणि रस्ता चुकल्यासारखी मागे आले. त्याने त्या माणसाला आधी हात लावला होता. बरं नंतर केलं होतं. बरं करून मग हात लावला असता, तर कोणालाही चाललं असतं. नुसत्या शब्दानेही तो बरं करू शकत होता. दुसऱ्या ठिकाणी तसं केल्याचं मी वाचलं होतं. मग इथे हात कशाला लावला? तो माणूस अजून तसाच होता, चिघळलेला, तेव्हा त्याला हात लागला. मी वॉर्डात इतका वेळ गप्प बसले की खाटेवरच्या एका म्हातारीने विचारलं, संपलं का पुस्तक.

मी एकदम ख्रिस्ती झाले नाही. तीन वर्षं लागली. त्यातलं पहिलं वर्ष मी डाग जावेत म्हणून प्रार्थना केली. डाग गेले नाहीत. ते गळ्यावर आले, मग पापण्यांवर आले. मागणं कधी थांबलं ते मला सांगता येणार नाही. एवढं आठवतं की सकाळी दवाखान्याकडे चालताना मी रोजच्यासारखी प्रार्थना करत होते आणि माझ्या लक्षात आलं की आपण खाट नंबर चारच्या बाईसाठी बोलतो आहोत, हाताबद्दल विसरलोच.

लोक म्हणाले, पोटासाठी बाटली. पोटाला मला घरी मिळत होतं. मला जे मिळत नव्हतं ते त्या वॉर्डात मिळालं, आणि ते ज्याच्या नावाने मिळालं त्याचं नाव मी घेतलं. याहून जास्त शास्त्र मला येत नाही. वडिलांना मी समोर उभी राहून सांगितलं. त्यांनी विचारलं, त्या लोकांनी तुला काय दिलं. मी म्हणाले, काम. ते बराच वेळ जानव्याशी चाळा करत राहिले आणि मग आत गेले.

बाप्तिस्म्याच्या दिवशी माझ्या बाजूने मावशी होती आणि वॉर्डातल्या दोन बायका. त्याच दिवशी सकाळी माझ्या घरी काय झालं ते वहिनीने मला पुढे सांगितलं. दादाशी लग्न होऊन तिला तेव्हा सहा महिनेच झाले होते. वडिलांनी विहिरीवर माझ्या नावाने आंघोळ केली, माणूस मेल्यावर करतात तशी, नेसत्या धोतरानिशी. दादाने केली. मग आईला बोलावलं. आई विहिरीच्या कठड्याला धरून उभी राहिली. वहिनीने तिच्या डोक्यावर घागर रिकामी केली. चैत्राचं ऊन होतं आणि आई थरथरत होती. नंतर सगळे जेवले.

मी दवाखान्याच्या आवारात मावशीच्या खोलीत राहायला गेले. डॉक्टरीणबाईंनी मला मलमपट्टी, मग रुग्णांची उठबस, सगळं शिकवलं. ज्यांना कोणी भेटायला येत नाही अशा बायका माझ्याकडे दिल्या जात. मुंबई राज्य झालं, मग महाराष्ट्र झाला. शहरात मिठाई वाटली गेली, वॉर्डातही आली. आई मला या सगळ्या वर्षांत दोनदा दिसली. एकदा बाजारात, एकदा देवळाच्या रस्त्यावर. दोन्ही वेळा वडील बरोबर होते. दोन्ही वेळा तिने पाहिलं आणि ती पुढे गेली.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आई अर्धांगाने पडल्याचं आमच्याकडे औषधाला आलेल्या एका ओळखीच्या बाईकडून कळलं. मी गेले. वडील ओट्यावर होते. ते माझ्याकडे न बघता दारात उभ्या असलेल्या वहिनीला म्हणाले, "त्यांना सांगा, इथं त्यांचं कोणी नाही."

पोटच्या मुलीला ते 'त्यांना' म्हणाले. मी समोरच्या घराच्या पायरीवर बसले. संध्याकाळी परत गेले. दुसऱ्या दिवशी काम उरकून पुन्हा जाऊन बसले. वारा पडला की घरातून वास येत होता. तो वास मला ओळखता येत होता. माणूस एका कुशीवर पडून राहिलं, की पाठ सोलते आणि आत पोखरत जाते. मी तिथे बसून किती खोल गेलं असेल याचा अंदाज करत होते. येशूने दार उघडावं अशी प्रार्थना मी केली नाही. कोणीतरी तिला कूस बदलून द्यावी, इतकंच मागितलं.

तिसऱ्या दिवशी वहिनी बाहेर आली. पदर नाकाला लावलेला. "वन्सं, मला हे होत नाही हो. मला उलटी येते. तुम्हाला येतं ना हे? मामंजी देवळात गेलेत. या तुम्ही."

मी अकरा दिवस गेले. त्या वेळेला वडील रोज देवळात जात. ते मला अडवत नव्हते आणि मी तिथे असल्याचं मान्यही करत नव्हते. मी निघाल्यावर वहिनी खोलीत गोमूत्र शिंपडी. तिने मला ते ओशाळून सांगितलं. मी म्हणाले, शिंप, काही वाईट नाही त्यात.

जखमेत मूठ मावेल एवढं पोखरलं होतं. आईला बोलणं जड जाई, पण शुद्ध होती. पहिले दोन दिवस ती भिंतीकडे बघत राहिली. तिसऱ्या दिवशी मी पाठ धुवून पट्टी बांधत होते.

"हात हलका आहे गं तुझा," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "कोणी शिकवलं?"

मी मावशीबद्दल सांगितलं. कुठली, कोण, ते सगळं सांगितलं, जात लपवली नाही. आईने डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली.

"तिला म्हणावं, चांगलं शिकवलं."

त्यानंतर आई माझ्याशी फारसं बोलली नाही. पण मी आले की ती स्वतः कूस वळवायचा प्रयत्न करी, आणि रोज एकच म्हणे, आज उजवीकडे जास्त दुखतं, तिथं बघ. मी बघत असे.

अकराव्या दिवशी दुपारच्या आधी ती गेली. मी नुकतीच पट्टी बदलली होती. वडील देवळातून परत आले, खोलीच्या दाराशी थांबले. त्यांनी आईकडे पाहिलं, मग भिंतीकडे. जमलेल्या बायकांना ते म्हणाले की बाहेरच्या बाईंना बाहेर थांबायला सांगा. त्यांचा आवाज फुटला होता. त्यांना राग आला होता असं मला वाटत नाही. त्यांना दुसरं काय करायचं ते माहीत नव्हतं.

मी गल्लीत जाऊन उभी राहिले. बायकांनी आईला शेवटची आंघोळ घातली. खिडकीतून दिसत होतं. मी बांधलेल्या पट्ट्या त्यांनी सोडल्या आणि परसात फेकल्या. ज्यांना अकरा दिवस तिच्या जवळ जाववलं नव्हतं त्यांचे हात तिला लागत होते. मी ख्रिस्ती होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती आणि त्या क्षणी माझ्या मनात क्षमा नव्हती. मी हे चर्चमध्येही सांगितलं आहे.

मावशीला कोणी सांगितलं कोण जाणे. ती टांग्याने आली, काठी टेकत माझ्याशेजारी उभी राहिली. तिला आता दिसत नव्हतंच म्हटलं तरी चालेल. आत काय चाललंय ते तिने विचारलं. मी सांगितलं.

ती म्हणाली, "तिचं अंग तू धुतलं वं अकरा दिस. आता हे लोक पानी टाकतीन. टाकू दे."

तिरडी आमच्या समोरून गेली. दादाने मडकं धरलं होतं. त्याने मान वर केली नाही. आम्ही गल्ली रिकामी होईपर्यंत थांबलो.

मला सुतक नव्हतं, दहावा नव्हता, तेरावा नव्हता. दुसऱ्या सकाळी सात वाजता मी वॉर्डात गेले. त्या दिवसांत देव मला जवळ वाटला असं मी लिहिणार नाही. कित्येक आठवडे मला प्रार्थनेला शब्द आले नाहीत. मावशी माझ्या वतीने बोले आणि मी आमेन म्हणे. वॉर्डात मात्र हात आपलं काम करत होते. पाठी धुवायच्या होत्या, कुशी बदलायच्या होत्या. देवाने मला यासाठी ठेवलं आहे, एवढी एक गोष्ट त्या आठवड्यांतही माझ्याकडून सुटली नाही.

आईला जाऊन आता तीन वर्षं झाली. वडील आहेत. ते मला ओळख देत नाहीत. वहिनी कधी कधी औषधाला येते आणि त्यांची तब्येत सांगून जाते. डाग चेहराभर पसरले आहेत. मावशी पूर्ण आंधळी झाली आहे आणि मी तिच्याजवळ राहते. दुपारी मी तिला वाचून दाखवते. वॉर्डात बारा खाटा आहेत. त्यांतल्या पाच माझ्याकडे आहेत.